सूचना संपल्यावर उभा राहिलेला माणूस

सर्व संबंधितांस, म्हणजे नाशिकला राहिलेल्यांस आणि नाशिक सोडून भलभलत्या गावी जाऊन बसलेल्यांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की आमच्या घराचे फाटक बदलण्यात आले आहे. नवे फाटक एका बोटाने उघडते आणि अजिबात कुरकुरत नाही. तरी पुढच्या वेळी येताना कोणीही सवयीने ते वर उचलू नये. मी गेल्या महिन्यात उचलले. फाटक अलगद उघडले आणि मी दोन पिशव्यांसकट थेट आईच्या तुळशी-गवती चहाच्या वाफ्यात जाऊन बसलो.

ज्यांनी जुनं फाटक पाहिलं नाही त्यांना या दुःखाची खोली कळणार नाही. ते एका बाजूनं खचलं होतं. दोन्ही हातांनी उचलायचं, जरा डावीकडे ओढायचं आणि मग कमरेनं ढकलायचं, तेव्हा उघडायचं. पोस्टमननं तो नाद केव्हाच सोडला होता, तो पत्रं वरून फेकायचा. आई स्वयंपाकघरात बसून आवाजावरून सांगायची की कोण आलंय. नुसता खडखडाट झाला तर पाहुणा, आणि एक हुंकार देऊन लोखंड वर उचललं गेलं तर आपलं माणूस. त्याप्रमाणे पातेल्यात चहाचं पाणी कमीजास्त व्हायचं.

माझी भोपाळला बदली झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. या वयात माणसं घर बांधतात, मी घर बांधून रिक्षात घातलं. निघायच्या दिवशी चर्चची अर्धी मंडळी अंगणात जमली होती. पाळकसाहेबांनी प्रवासासाठी इतकी सविस्तर प्रार्थना केली की रिक्षावाल्यानं मध्येच इंजिन बंद केलं. प्रार्थनेत मनमाड, भुसावळ, इटारसी अशी मोठी स्टेशनं एकेक करून देवाच्या हवाली झाली. बायका डोळे पुसत होत्या. मीही चेहरा योग्य तेवढा करुण करून फाटकातून बाहेर पडलो आणि वळून आईकडे पाहिलं. आता ती काहीतरी जन्मभर लक्षात राहील असं बोलणार, अशी माझी खात्री होती.

आई म्हणाली, "उचलून लाव."

मी परत गेलो, फाटक उचललं आणि लावलं. त्याआधी आठवडाभर तिनं दुसरी एक आज्ञा दिलेली होती, ती अशी की नव्या गावात आधी चर्च शोधायचं, मग दूधवाला.

अशोका गार्डन नावाच्या वस्तीत आम्हाला घर मिळालं, रेल्वेलाईनच्या इतकं जवळ की कोणती गाडी लेट आहे ते आम्हाला स्टेशनमास्तरच्या आधी कळायचं. शालिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन दिवसांत संसार लावला. तिचं बालपण जबलपूरला गेलेलं, त्यामुळे तिला इथलं सगळं ओळखीचं. मला मात्र काही म्हणजे काही कळेना. सकाळी पोह्यांवर शेव घालून सोबत जिलेबी देत. मी ती बाजूला ठेवून गोड म्हणून शेवटी खाल्ली तर दुकानदार आजाऱ्याकडे बघावं तसा माझ्याकडे बघे. रस्ता विचारला की प्रत्येक जागा "बस, सामने ही" असे आणि मी पाऊण तास चालत असे. नाशिकला मला माझा कोपरा माहीत होता, चर्चमधला बाकही माहीत होता, डावीकडचा, तिसऱ्या खिडकीचा. इथं मी कुठल्याही बाकावर बसलो तरी तो कोणाचातरी निघे. सगळं सामान लागलं, पण एक बॅग मी कपाटावर तशीच भरलेली ठेवली. शालिनीनं विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, लागेल. आल्यापासून तिसऱ्याच महिन्यात मी परत नाशिकला बदली मिळावी म्हणून अर्जही टाकला होता.

तर चर्च. पहिल्या रविवारी गेलो, उपासना हिंदीत. माझं हिंदी टीव्हीवरचं, आणि चर्चमधलं हिंदी काही वेगळंच, भारदस्त. पण आम्हा अँग्लिकन परंपरेतल्या माणसांचं एक बरं असतं. भाषा कळली नाही तरी कधी उठायचं, कधी बसायचं आणि कधी गुडघे टेकायचे हे अंगाला ठाऊक असतं. मी डोकं बंद केलं आणि अंगावर सगळं सोपवलं. गीतं झाली, पाठ झाले, उपदेश झाला. मग पाळकसाहेब, ज्यांना इथं सगळे पादरीसाहेब म्हणतात, सूचना वाचू लागले. आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये सूचना संपल्या की नवीन आलेल्यांना उभं राहायला सांगतात. सगळे टाळ्या वाजवतात आणि संडे स्कूलची एखादी मुलगी येऊन गुलाबाचं फूल देते. मी लहानपणापासून पाहत आलो होतो. पादरीसाहेब काहीतरी लांबलचक बोलले, थांबले आणि अपेक्षेनं सगळीकडे पाहू लागले. माझ्या अंगाला कळलं की ही ती वेळ. मी उभा राहिलो.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. नाशिकला राज्यपाल आले असते तरी पडल्या नसत्या. पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली, एका आजीनं तर हात जोडले. मी चारी दिशांना नमस्कार केले. शालिनी खालून माझा शर्ट ओढत होती, मला वाटलं तिलाही उभं राहायचंय. म्हटलं, ये की. फूल काही आलं नाही. त्याऐवजी पादरीसाहेब स्वतः उतरून आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

घरी जाताना शालिनीनं मला भाषांतर करून सांगितलं. आमच्या धर्मप्रांतानं, म्हणजे बिशपांच्या कचेरीनं, प्रत्येक मंडळीसाठी काही बांधिलकी ठरवून दिली होती. आजाऱ्याची काळजी घेणं, परक्याला आसरा देणं, बायकांना बरोबरीनं वागवणं, अन्यायासमोर गप्प न बसणं, झाडं आणि पाणी जपणं. या सगळ्या कामाला एक संयोजक हवा होता. पादरीसाहेब कितीतरी रविवार विचारत होते की कोणाची तयारी असेल त्यानं उभं राहावं. कितीतरी रविवार सगळी मंडळी खाली मान घालून गीतांच्या पुस्तकात काहीतरी शोधत होती.

"मी शर्ट फाटेस्तोवर ओढला," शालिनी म्हणाली. "आणि तुम्ही नेत्यासारखे हात जोडत होतात."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो की गैरसमज झाला. पुढच्या रविवारी गेलो तर त्या हात जोडणाऱ्या आजींनी माझ्यासाठी गाजराचा हलवा आणला होता. हलवा खाऊन राजीनामा कसा देणार?

अशा रीतीनं, ज्याला भाजीवाल्याशी धड भाव करता येत नव्हता तो मी, भोपाळच्या एका मंडळीचा सामाजिक न्यायाचा संयोजक झालो. सुरुवातीला सोपं होतं. झाडं लावली. आजाऱ्यांना भेटायला गेलो आणि माझ्या हिंदीनं त्यांची चांगलीच करमणूक झाली. मग दर बुधवारी संध्याकाळी महिला मंडळाच्या बायकांबरोबर साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळाबाहेर खिचडी घेऊन जायला लागलो. तिथं फूटपाथवर लांबलांबच्या गावांहून आलेली माणसं प्लास्टिकचे कागद अंथरून राहत. आत त्यांचा पेशंट असे, नाहीतर पेशंटला सुट्टी मिळालेली असे पण पट्ट्या बांधायला रोज यावं लागे.

एका जानेवारीत, भोपाळची थंडी हाडांत शिरते अशा दिवसांत, खिचडी वाढताना मागून आवाज आला.

"हात काढा म्हणतो ना तिथून. पुन्हा खाजवलं तर पाहा."

माझ्या हातातला डाव तिथंच राहिला. मराठी! जरा वेगळी, वऱ्हाडी वळणाची, बाईच्या तोंडीही 'म्हणतो' असणारी, पण मराठी. ती कलाबाई. विदर्भाच्या सीमेलगतच्या मुलताईकडच्या एका खेड्यातली, आणि ज्याला ती दम देत होती तो तिचा नवरा, आठवडी बाजारांत बांगड्या विकणारा. जीपखाली पाय सापडून त्याचा चुरा झाला होता. पायाला बाहेरून सळया लावलेल्या. इस्पितळातून सुट्टी झालेली, पण जखमेची पट्टी रोज बदलायची, आणि ती अजून काही आठवडे. गावी जाऊन रोज येणं शक्य नाही. पट्ट्या मध्येच सोडल्या तर पाय राहील याची खात्री डॉक्टर देईनात. म्हणून ती दोघं त्या कागदावर.

मी त्या दिवशी इतकं बोललो की खिचडी थंड झाली. पुढच्या बुधवारी गेलो तेव्हा कलाबाईचा आवाज बसला होता आणि नवऱ्याला ताप होता. तिनं गाठोडं बांधून ठेवलेलं दिसलं.

"भाऊ, सोमवारच्या बसनं यायले घरी घेऊन जातो मी," ती म्हणाली. "पाय राहीन तं राहीन. इथं तं माणूसच नाही राहणार."

मी म्हटलं, सोमवारच्या आत मी जागा करतो. संयोजक होतो ना. तोंडातून निघून गेलं.

जागा माझ्या डोक्यात होतीच. आमच्या चर्चच्या मागे एक हॉल आहे, मोठा, कोरडा, नळ असलेला. पण हॉल म्हणजे विल्सनसाहेब. विल्सनसाहेब आमचे गायनमंडळाचे प्रमुख, रेल्वेतून निवृत्त, रविवारी टाय लावल्याशिवाय न दिसणारे. हॉलची चावी ते गळ्यात दोरीनं घालतात, टायच्या आत. ती दुसऱ्याला देऊनही उपयोग नाही, कारण ते कुलूप चावी उलटी फिरवल्याशिवाय उघडत नाही आणि फिरवताना दाराच्या खालच्या फळीला गुडघ्यानं ठोसा द्यावा लागतो. कुठे आणि किती, हे फक्त विल्सनसाहेबांना माहीत. मी एकदा प्रयत्न केला होता. दार तसंच राहिलं, मी आठवडाभर लंगडत होतो.

गुरुवारी कमिटी बसली. मी धर्मप्रांताची बांधिलकी मोठ्यानं वाचून दाखवली, परक्याला आसरा, असं प्रत्येक शब्दावर थांबून. सगळ्यांनी आदरानं माना डोलावल्या. विल्सनसाहेब म्हणाले की हॉलमध्ये गायनाची तालीम असते, हार्मोनियम असते. पादरीसाहेबांनी हळूच नाताळच्या गोष्टीतल्या, जागा नाकारणाऱ्या बेथलेहेमच्या धर्मशाळेची आठवण करून दिली. विल्सनसाहेब म्हणाले, तिथं हार्मोनियम नव्हती. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. माणसं येतील, पण तिथं राहणार कोण, दार कोण लावणार, कोणाला काही झालं तर जबाबदार कोण? मी छाती पुढे काढून म्हटलं, मी.

ते माझ्याकडे वळले. रागानं नाही.

"आप तो खुद बैग बाँधे बैठे हैं, सालवे जी."

माझ्या बदलीच्या अर्जाची बातमी अख्ख्या मंडळीला होती, हे मला तेव्हा कळलं. कपाटावरच्या बॅगेचीसुद्धा असावी. शालिनी महिला मंडळात जाते. विषय पुढच्या बैठकीवर गेला, म्हणजे सोमवारच्या पुढे.

बाहेर आल्यावर मी विल्सनसाहेबांची नक्कल करायला सुरुवात केली, टाय चाचपत, मान ताठ करून. मला ती चांगली जमते. पादरीसाहेब हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गॅसच्या त्या रात्रीनंतर हा हॉल माणसांनी भरला होता. विल्सन तेव्हा तरुण होते. तेच दार उघडून बसले होते, तेच सगळ्यांना पाणी पाजत होते आणि डोळे धूत होते. ज्यांना त्यांनी हातानं अंथरुणावर निजवलं त्यांतले काही उठले नाहीत. तेव्हापासून त्या फरशीवर झोपलेलं माणूस त्यांना बघवत नाही. मी त्यानंतर त्यांची नक्कल करणं सोडलं. निदान चर्चच्या आवारात तरी.

आता मी पुरता गोंधळलो. कलाबाई बरोबर होती, विल्सनसाहेबही चूक नव्हते, आणि मी कोण होतो तेच कळेना. घर सोडून आलेला परका की परक्याला घर देणारा? त्या रात्री आईचा फोन आला. तिचा नेहमीचा प्रश्न, घरी कधी येतोस. मी म्हटलं, हा काय, आत्ताच घरी आलो. मग दोघांनीही नेटवर्क गेल्याचं सोंग केलं.

रविवारी मी कलाबाईला आणि तिच्या नवऱ्याला रिक्षात घालून चर्चला आणलं. का, ते मलाही सांगता येत नाही. सोमवारची बस सकाळची होती आणि जागा काही झाली नव्हती. निदान एक वेळ छताखाली बसतील, गरम चहा पितील, असं काहीतरी मनात होतं. वाटेत तिला हसवायला मी माझ्या पहिल्या रविवारची सगळी गोष्ट सांगितली, टाळ्यांसकट, न आलेल्या फुलासकट.

"अन् मंग?" ती म्हणाली.

"मग काय, अजून उभाच आहे."

ती खोकेपर्यंत हसली. चर्चच्या दारात तिनं चपला काढल्या, नवऱ्याला शेवटच्या बाकाच्या कडेला पाय लांब करून बसवलं आणि स्वतः महिला मंडळाच्या बाकावर त्या हलवावाल्या आजींशेजारी जाऊन बसली. गीतं झाली, पाठ झाले, उपदेश झाला. सूचना संपल्या. आणि पादरीसाहेबांनी, कमिटीला न विचारता, चष्मा काढून सांगितलं की आपल्या हॉलला दार लावणारं, झाडणारं आणि आलेल्या माणसांकडे लक्ष देणारं कोणीतरी हवं आहे. तसं कोणी असेल तर हॉल आजपासून उघडेल. ज्याची तयारी असेल त्यानं उभं राहावं.

अख्खी मंडळी गीतांच्या पुस्तकात शिरली.

माझ्या अंगाला कळलं की उभं राहायचं. डोक्याला कपाटावरची बॅग दिसली. मी अर्धा उठलो आणि तसाच राहिलो, गुडघे वाकवून, धड उभा नाही, धड बसलेला नाही. भोपाळमधली माझी इतकी वर्षं एका आकृतीत दाखवायची असती तर ती हीच. आणि तेवढ्यात महिला मंडळाच्या बाकावरून बांगड्यांचा आवाज झाला. कलाबाई पदर सावरून उभी राहिली होती.

तिला पादरीसाहेबांचं बोलणं नीट कळलं होतं, की माझी गोष्ट ऐकून नवीन माणसानं इथं उभं राहायचं असतं एवढंच तिनं धरलं होतं? मी नंतर तिला अनेकदा विचारलं. एकदा म्हणाली, समजलं होतं. एकदा म्हणाली, तुम्ही अर्धवट उठले अन् पडाल असं वाटलं, म्हणून उठलो. नवऱ्याचं म्हणणं असं की ती कुठेही पहिली उभी राहते, लग्नात पंगतीलासुद्धा.

त्या माणसाचा पाय राहिला. तो जरा तिरका पडतो, पण बाजार करतो. दोघं तपासणीला येतात तेव्हा मुलताईची कोबी पोतंभर आणतात आणि आमच्या अख्ख्या मंडळीला आठवडाभर दुसरी भाजी मिळत नाही. हॉलमध्ये आता नेहमीच कोणीतरी असतं, आणि रीत अशी पडली आहे की जो राहायला येतो त्यानंच हॉल सांभाळायचा, आणि जाताना पुढच्याला शिकवून जायचं. माझ्या बदलीचं म्हणाल तर अर्ज मीच मागे घेतला की वरूनच नामंजूर झाला, हे मी आईला दोन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं आहे आणि आता मलाही नक्की आठवत नाही. बॅग अजून कपाटावर आहे. शालिनीनं तिच्यात रजया भरल्या आहेत.

घर म्हणजे काय, असं तुम्ही सगळे मला फोनवर विचारता, दुबईवाले तर फारच भरून येऊन विचारतात. मला मोठं उत्तर येत नाही. मला वाटतं, जे दार परक्याला उघडत नाही आणि ज्याची खोड आपल्या हाताला ठाऊक असते, ते घर. तसं असेल तर नाशिकच्या घरात आता कोणीही एका बोटानं शिरू शकतं, आणि इथं हॉलचं एक दार आहे जे मी आता डोळे मिटून उघडतो. म्हणजे माझं घर कुठे? वाफ्यात बसल्या बसल्या मी हाच विचार करत होतो. आई ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली की नवं फाटक फारच चांगलं आहे, फक्त कोण आलं ते आता कळत नाही.

पण तुम्हाला मी तिकडे चर्चमध्ये ताटकळत ठेवलंय. कलाबाई उभी आहे. मी अर्धा उभा आहे. पादरीसाहेबांच्या हातात चष्मा आहे. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच कळत नाहीये, कारण ज्या बाईला आसरा द्यायचा की नाही यावर कमिटी बसली होती, तीच आसरा सांभाळायला उभी राहिली आहे. तेवढ्यात गायनमंडळातून विल्सनसाहेब उठले. त्यांनी गळ्यातली दोरी ओढली, ती टायमध्ये अडकली, टाय सुटला, त्यांच्या नाकावरचा चष्मा तिरका झाला. तसेच ते मधल्या वाटेनं चालत आले, मागे शेवटच्या बाकावर पाय लांब करून बसलेल्या माणसाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि चावी कलाबाईच्या पुढे धरली. त्यांनी घसा साफ केला. आता हे एखादं वचन म्हणणार, निदान आशीर्वाद देणार, म्हणून आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि त्या शांततेत, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"बहन जी, चाबी उल्टी घुमाना, और घुटना ज़रा नीचे मारना."